मारणारा स्नायू

“पण महाराज, हात उठला. मी उठवला नाही. यात माझा दोष कुठं?”

सकाळपासून त्र्यंबक हेच पालुपद लावून बसला होता.

भैरवगिरी महाराज खलात हिरडा कुटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घडलं होतं ते असं. प्रवरेच्या काठी महाराजांचा मठ होता. तिथे औषधपाणी चाले, वेळ आली तर चिरफाडही होई. त्र्यंबक हा तिथला सगळ्यांत हुशार शिष्य. आपण हुशार आहोत हे त्यालाही ठाऊक होतं, खरी गोम तिथेच होती. त्या दिवशी बिरा नावाचा एक म्हातारा धनगर तळहातात रुतलेला बाभळीचा काटा घेऊन आला. हात सुजून टम्म झाला होता. त्र्यंबकने सुरी टेकवली की म्हातारा हात आखडून घेई. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. शेवटी त्र्यंबकने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली.

महाराजांनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली.

मठाची रीत सगळ्यांना माहीत होती. काढून घेतलेली सुरी परत मिळाली तर शिष्य पुढे वैद्य होणार. नाही मिळाली तर त्याने मुकाट्याने वळकटी उचलायची आणि घरचा रस्ता धरायचा.

“म्हणजे दोष हाताचा?” महाराजांनी विचारलं.

“हाताचाच.”

“मग सोपं आहे. हातातला मारणारा स्नायू कोणता, तो शोधून आण. त्यालाच औषध देऊ.”

त्र्यंबकचा चेहरा खुलला. महाराज चेष्टा करताहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. शरीराचं कोडं समोर आलं की या पोराला तहानभूक सुचत नसे, आणि एवढ्यापुरता तो मला फार आवडतो.

नदीला मिळणाऱ्या एका आडोशाच्या ओढ्यात बांबूचा पिंजरा होता. त्यात एक बेवारस देह गवतात गुंडाळून ठेवलेला होता. वाहत्या पाण्यात काही दिवस राहिला की देह मऊ पडतो. मग वाळ्याच्या कुंचल्याने हलकेच घासलं की कातडी सुटते आणि आतले थर एकेक करून दिसू लागतात. मठातले शिष्य असेच शिकत.

त्र्यंबकने आधी त्या देहाला नमस्कार केला. मग उजवा हात गवतातून मोकळा केला आणि घासायला बसला.

वास भयंकर होता. त्याला तो आलाच नाही.

दंडाच्या पुढच्या बाजूला बेटकुळीचा स्नायू होता, वर दोन मुळं असलेला. त्याच्या खाली हाडाला बिलगून आणखी एक रुंद स्नायू निघाला. बिचारा एवढं ओझं उचलतो, पण त्याला फुगवून कोणी मिरवत नाही. दंडाच्या मागे तीन मुळांचा दांडगा स्नायू, खाली कोपराच्या टोकाला घट्ट चिकटलेला. कोपराखाली तर नुसती गर्दी. आतल्या बाजूचे स्नायू बोटं मिटणारे, बाहेरच्या बाजूचे उघडणारे. खुद्द बोटांत मात्र स्नायू नव्हतेच. होत्या त्या नुसत्या दोऱ्या.

त्याने कोपराखालचा एक स्नायू ओढला. तिकडे बोट वाकलं.

पुन्हा ओढला. पुन्हा वाकलं...

आपली सुरी गेली आहे हेही तो घटकाभर विसरला.

उन्हं कलता कलता तो परत आला.

“सापडला?”

“सापडला, महाराज! दंडाच्या मागचा. तो कोपर सरळ करतो. पण माझा पंजा उघडा होता, म्हणजे कोपराखालचे बाहेरचे स्नायूही त्यात सामील. शिवाय खांद्याचे...”

“टोळीच निघाली की!”

त्र्यंबक हसला नाही. त्याला ओढ्यावरच काहीतरी खटकलं होतं.

“एक विचित्र आहे, महाराज. ढकलणारा स्नायू एकही नाही. सगळे नुसते ओढतात. पुढचा ओढतो तेव्हा हात वाकतो. मागचा ओढतो तेव्हा सरळ होतो. आणि मागच्याला ओढायचं असेल तर पुढच्याने सैल पडायला हवं. दोघे अडून बसले तर हात जागचा हलत नाही.”

“मग मारलं कोणी? ओढणाऱ्याने, की सैल पडणाऱ्याने?”

त्र्यंबक आपलाच दंड चाचपू लागला.

“हात दे,” महाराज म्हणाले.

त्र्यंबकने हात पुढे केला. महाराजांनी शांतपणे त्याच्या तळहातात काटा टोचला.

हात झटकन मागे गेला.

“मागे का घेतलास?”

“मी कुठं घेतला? हा बेटकुळीचा स्नायू... मला कळायच्या आत त्यानेच...”

“अस्सं. मग आता मी तुझ्या थोबाडीत देऊ?”

त्र्यंबकचे कान तापले.

ओसरीच्या कडेला बिरा सुजलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. सकाळपासून तो तिथून हलला नव्हता. जाणार तरी कुठे, काटा आतच होता, आणि सूज नीट पिकावी म्हणून महाराजांनी त्याला शेकत बसवलं होतं. आपल्या हाताला आपण किती पटकन माफी देऊन टाकली, आणि या म्हाताऱ्याच्या हाताला... त्र्यंबकला मनापासून लाज वाटली.

महाराजांनी सुरी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“काटा काढ. तुझं काय करायचं ते मग बघू.”

त्र्यंबक म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला.

“बाबा, हात द्या.”

“परत मारशील?”

“नाही. चुकलं माझं.”

“माजा हात माजं ऐकत न्हाई, लेकरा. म्या दम धरतो, आन् ह्यो पळतो.”

“माझाही ऐकत नाही, बाबा.”

म्हाताऱ्याला हसू आलं.

त्र्यंबकने डावा हात म्हाताऱ्याच्या दंडावर ठेवला आणि उजव्या हाताने सुरी टेकवली. बोटांखाली स्नायू टणक झाला. तळहात अजून हललाही नव्हता! त्याने लगेच सुरी उचलली.

“दुखलं?”

“अजून न्हाई.”

त्र्यंबक थांबला. स्नायू सैल पडेपर्यंत त्याने सुरी खाली आणली नाही. मग टेकवली, पुन्हा टणक, पुन्हा उचलली...

“बाबा, कळपात पुढं कोण चालतं?”

“येक बोकड हाय. लई आगाव. त्यो गेला की सम्दी मेंढरं त्येच्या मागं...”

म्हातारा बोकडाच्या खोड्या सांगू लागला. हाताखालचा दंड लोण्यासारखा मऊ पडला. त्र्यंबकने अलगद चीर दिली. पू वाहू लागला आणि काट्याचं काळं टोक दिसलं. सुरी मुठीत तशीच धरून त्याने ते दोन बोटांच्या चिमटीत पकडलं आणि ओढलं.

फाड!

म्हाताऱ्याचा दुसरा, मोकळा हात त्र्यंबकच्या गालावर बसला होता.

त्र्यंबकच्या डोळ्यांत पाणी तरळलं. उजव्या हातात सुरी तशीच होती, चिमटीत काटा. डावा हात म्हाताऱ्याच्या दंडावर तसाच होता.

“आरं द्येवा! हात उठला रं! म्या न्हाई मारलं, लेकरा, बिरोबाची आन...”

“माहीत आहे, बाबा,” त्र्यंबक म्हणाला. आणि काटा म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला.

त्याने जखम धुतली, हळद भरली, पट्टी बांधली. मग सुरी पुसून महाराजांच्या पायाशी नेऊन ठेवली. आपल्या रिकाम्या हाताकडे तो नवलाने बघत होता, एखादा प्रश्न विचारावा तसा.

महाराजांनी त्याच्या लाल गालाकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी उचलून त्याच्या हातात दिली.

“राहू दे तुझ्याकडे. म्हाताऱ्याचा हात उठला, ते मी पाहिलं... तुझा कोणी धरला होता?”