खंड्याचे मानधन

मुलांनो, जंगल तुम्ही हवे ते धरा. मला आता त्याला नाव शोधायचा कंटाळा आला आहे. त्या जंगलात एक तळे होते आणि तळ्याच्या काठी पाखरांचे विद्यापीठ होते. मासे पकडण्याची विद्या तिथे दोघे जण शिकवीत, एक बगळा आणि दुसरा खंड्या. बगळा एका पायावर उभा राहून शिकवी. "थांबा. आणखी थांबा," एवढे सांगून तो डोळे मिटी, आणि विद्यार्थी बिचारे थांबत. खंड्या मात्र फांदीवरून पाण्यात सूर मारी, वर येई, पंख झटकी आणि म्हणे, "चोच कधी मिटली ते पाहिलंत? नाही? बरं, पुन्हा बघा." मग पुन्हा सूर मारी. तळ्यावरच्या बहुतेक पाखरांना आयुष्यातला पहिला मासा मिळाला तो खंड्याच्या वर्गात.

दोघांचा विषय एक, विद्यार्थी तेच, पाणीही तेच. बगळ्याला मात्र दर पौर्णिमेला माशांची रास मिळे. तिला वेतन म्हणत. खंड्याला तासाला एक मासा मिळे. त्याला मानधन म्हणत. पाणी गढूळ झाले, वर्ग भरला नाही, मासा नाही. गरुडमहाराजांचा वाढदिवस आला, विद्यापीठाला सुट्टी लागली, मासा नाही. उन्हाळ्यात तळे आटू लागले की त्याला सांगत, "आता तुमचा आमचा संबंध संपला. पाणी वाढलं की या, बघू." वर्गात मारलेले मासे विद्यापीठाच्या साठ्यात जात. दिवसभर सूर मारून आंबलेल्या अंगाने संध्याकाळी स्वतःसाठी मासे मारायचे त्राण खंड्याला उरत नसे. काठाच्या मातीत कोरलेल्या बिळात त्याची बायको आणि पिल्ले वाट पाहत बसलेली असत.

एका वर्षी गरुडमहाराजांनी गुरुजनांचे वेतन ठरवण्यासाठी एक समिती नेमली. दुसरीकडच्या गुरुजनांना काय मिळते ते पाहायचे, तुलना करायची आणि आपल्याकडचे ठरवायचे, असे काम होते. समितीचा अध्यक्ष होता धनेश. त्याची चोच एवढी मोठी, की ती उघडली म्हणजे आता ती मिटणार कधी, या काळजीने सगळे गप्प बसत. त्याच्या मदतीला एक पोपट होता. समिती दूरच्या खाडीवर गेली, तिथल्या रोहित पक्ष्यांचा पाहुणचार घेऊन चांगली गुबगुबीत होऊन परत आली, आणि मग तळ्याकाठी सभा भरली.

"रोहिताचे पाय लांब, आपल्या बगळ्याचेही पाय लांब," धनेश म्हणाला. "अर्थात दोघे समकक्ष ठरतात. रोहिताची रास मोठी आहे. सबब बगळ्याची रास वाढवावी."

"समकक्ष! समकक्ष!" पोपट ओरडला.

बगळ्याने डोळे उघडले, त्याला आनंद झाला, आणि त्याने ते पुन्हा मिटले. खंड्या सकाळपासून मोठ्या आशेने बसला होता. तो पुढे झाला. "आणि माझं, साहेब? मला कोणाशी ताडून पाहिलंत?"

"तुम्हाला कशाला ताडायचं, सर?"

"मी बगळासरांचाच विषय शिकवतो. त्यांच्याशीच ताडा."

धनेश हसला. "अहो सर, वेतनाची तुलना वेतनाशी होते. तुम्हाला वेतन आहे का? नाही. तुम्हाला मानधन आहे. मानधन म्हणजे आम्ही तुमचा केलेला मान. मानाचं कोणी मोजमाप करतं का?"

"मान मोजत नाहीत!" पोपटाने री ओढली.

"बरोबर आहे हो तुमचं," बगळा खंड्याच्या कानाशी हळूच म्हणाला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन एका पायावर उभा राहिला. तो मनाने वाईट नव्हता. पण त्याची रास नुकतीच वाढली होती.

खंड्या धनेशाच्या आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "ठीक आहे. मला वाढ नको. तासाला एकच मासा राहू द्या. फक्त त्याला वेतन म्हणा."

तेव्हा मात्र धनेशाची चोच आपोआप मिटली. मुलांनो, खंड्याने काय मागितले ते त्या सभेत फक्त धनेशाला नीट कळले होते. एकदा त्या एका माशाला वेतन म्हटले, की उद्या तो बगळ्याच्या राशीशेजारी ठेवावा लागणार, आणि मग कोणत्याही पिल्लाला दिसले असते की काय चालले आहे. धनेशाने घाईघाईने सभा संपवली.

उन्हे उतरल्यावर तो स्वतः खंड्याच्या बिळापाशी आला. एवढा मोठा पक्षी एवढ्याशा बिळाशी मान वाकवून बसला, तेव्हाच खंड्याने काय ते ओळखायला हवे होते. "सर, तो शब्द सोडून द्या," तो लाडीगोडीने म्हणाला. "दर आठवड्याला पाच मासे जास्तीचे पोचते करतो. वाढ नाही म्हणायचं हं त्याला. सानुग्रह म्हणायचं. म्हणजे आमची तुमच्यावर कृपा. आणि हे कुठे बोलायचं नाही. बोललात, तर मासे बंद. मग पाणी वाढल्यावर तुम्हाला पुन्हा घ्यायचं की नाही, तेही बघावं लागेल."

खंड्याने बिळात पाहिले. धाकटे पिल्लू हल्ली भुकेने रडतही नसे, नुसते पडून राही. बायको म्हणाली, "अहो, शब्द काय खायचाय का आपल्याला?" ती रागावून बोलली नाही. थकून बोलली. खंड्याने मान हलवली आणि मासे घेतले. तुमच्यापैकी कोणी त्याला नावे ठेवणार असेल, तर आधी एकदा त्या पिल्लाकडे बघून या. मी तरी ठेवत नाही.

पिल्लू वाचले. पुढच्या वर्षी सभेत पुन्हा विचारू, असे खंड्या स्वतःला सांगत राहिला, आणि तळ्यावर दिवस नेहमीसारखेच जात राहिले.

पुढे विद्यार्थी वाढले आणि विद्यापीठाने मासेमारी शिकवायला आणखी एक जागा काढली, अर्थात मानधनावर. ती एका तरुण ढोकरीला देऊ केली. ही मातकट रंगाची छोटी बगळी खंड्याच्याच हाताखाली शिकलेली. ती धापा टाकत त्याच्या फांदीवर आली.

"सर, मला घेतायत! तुमच्याबरोबर शिकवायला!"

"वा! छान झालं," खंड्या म्हणाला आणि त्याला खरेच बरे वाटले. "देणार काय?"

"तासाला एक मासा. मी म्हटलं, थोडं वाढवा. घरी आई आहे, तिचा पंख अधू झालाय, तिचंही मलाच बघावं लागतं. तर धनेशसाहेब म्हणाले, आम्ही तुझी रीतसर तुलना केली आहे. खुद्द खंड्यासरांशी! ते इतकी वर्षं एवढ्यावरच शिकवतात, कुरकुर म्हणून नाही. मग मी काय बोलणार? तुमच्याहून जास्त मागायला मी कोण?" ती फांदीवर जवळ सरकली. "पण सर, पलीकडच्या ओढ्यावर राहिले तर आम्हा दोघींपुरते मासे मिळतात. तिथून निघायचं म्हणजे विचार करावा लागतो. उद्या सकाळी मला हो की नाही सांगायचंय. तुम्हीच सांगा. तुम्हाला तासाला एकच मासा मिळतो ना? आणि तेवढा पुरतो ना?"

खाली बिळातून पिल्लांचा चिवचिवाट येत होता. आज पाच मासे यायचा दिवस होता. खंड्याने चोच उघडली. आपल्याला जास्तीचे मासे मिळतात, ते नसते तर धाकटे गेलेच असते, ओढा सोडू नकोस, हे सगळे त्याच्या घशापर्यंत आले होते.

"एकच मिळतो," तो म्हणाला. आणि बिळाकडे बघत म्हणाला, "पुरतो."

"मग झालं तर!" ढोकरीने त्याला वाकून नमस्कार केला आणि होकार कळवायला ती तशीच धनेशाकडे उडाली.

ढोकरी फार छान शिकवी. खंड्याचे पाहून तीही वर्गात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरे, आणि संध्याकाळी आईसाठी ओढ्यावर जायचे तिला त्राण उरत नसे. थंडीत तिची आई गेली. ती काही दिवस वर्गावर आली नाही, म्हणून त्या दिवसांचे मासे तिला मिळाले नाहीत.

खंड्या तिला भेटायला गेला. तो मान खाली घालून तिच्याजवळ बसला. तीच त्याची समजूत घालू लागली.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, सर," ढोकरी म्हणाली. "तुम्ही तर एवढ्यात सगळं घर चालवता. माझंच काहीतरी चुकत असणार."

तात्पर्य : आपण गुपचूप जे घेतो, ते आपल्यापुरते राहत नाही, मागून येणाऱ्याला आपल्या उघड मिळकतीच्याच मापाने मोजतात. म्हणून आपल्याला काय मिळते ते बरोबरीच्यांना खरे सांगावे. तेवढा धीर होत नसेल, तर निदान 'पुरते' असे तरी म्हणू नये.