नापासांचा नियम

त्या काळी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब वार्षिक परीक्षेला येणार म्हटलं, की शाळा आदल्या दिवशीच सारवून लख्ख व्हायची. डोंगरवाडीच्या शाळेत अंबूबाईंच्या चौथीत मात्र साहेबांचं गणित एकालाही सुटलं नाही.

"सगळा वर्ग नापास! पुन्हा चौथीतच बसवा," साहेब कडाडले. "आणि बाई, तुमची बदली!"

अंबूबाईंनी पोरांकडे पाहिलं. या पोरांना सोडून जायचं? त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, वर्गच्या वर्ग नापास, म्हणजे खरी नापास मीच. मग नापासांचा नियम मलाही लावा. मलाही याच वर्गात ठेवा."

साहेब खो खो हसले. बदली रद्द झाली.

ती पोरं आता आजी-आजोबा झालीत. अजून ऐटीत सांगतात, "आम्ही नापास झालो, म्हणून बाई आणखी वर्षभर मिळाल्या."