महाराजांचा गळ आणि आऊसाहेबांची खुर्ची

शेवरगडच्या रणधवल महाराजांनी गळ टाकायला शिकायचे ठरवले, आणि तीन दिवसांत सगळा दरबार जायबंदी झाला.

गळ साधा नव्हता. त्याला कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी बांधलेली असे. लांब काठी हातात घेऊन दोरी आधी डोक्यावरून मागे भिरकवायची, ती मागे ताठ होऊ द्यायची आणि मग पुढे पाण्यावर फेकायची. महाराजांची पुढची फेक वाईट होती. मागची भयंकर होती. आणि शेवरगडचा रिवाज असा की महाराजांच्या पुढे किंवा शेजारी कोणी उभे राहायचे नाही, साऱ्या दरबाराने पाठीमागेच राहायचे!

पहिल्या दिवशी गळ दिवाणांच्या मिशीत अडकला. सावध होऊन दिवाणांनी सगळ्यांकडून लिहून घेतले, की गळ लागल्यास तो ज्याने त्याने आपल्या खुशीने लावून घेतला असे समजावे. राजवैद्यांची सही तेवढी राहिली, कारण दुसऱ्या दिवशी गळ त्यांच्याच बोटात होता. तिसऱ्या दिवशी तो खुद्द महाराजांच्या कानात गेला.

आता मात्र कोणीतरी जबाबदार हवे होते. महाराजांनी शिकवणाऱ्या येसू भोयाला पुढे बोलावले.

"चूक शिष्याची, पण जबाबदारी गुरूची," महाराज कान चोळत म्हणाले. "उद्या कोणाला साधा ओरखडा जरी आला, तरी होडी आणि जाळी घेऊन हा डोह सोडायचा. पुन्हा या नदीवर दिसायचे नाही."

येसूच्या तोंडचे पाणी पळाले. त्या डोहावर मासे धरण्याखेरीज त्याला दुसरे काही येत नव्हते. "म्हाराज, मी तर पहिल्या दिसापासनं सांगतुया, फेकायच्या आधी मागं बघा."

"आमच्या घराण्यात मागे वळून बघत नाहीत. आमचे आजोबा लढाईला निघाले तेव्हा मागे न बघता इतके पुढे गेले, की सैन्य घरीच राहिले!"

येसूची मुलगी हौसा काठावर जाळे विणत बसली होती. ती उठून आली.

"म्हाराज, उद्या आप्पाच्या जागी मी शिकवते. गळाऐवजी दोरीला कापूस बांधू का?"

"कापूस फेकायला आम्ही गादीवाले आहोत काय? गळच हवा."

"मग दरबार घरी बसवू का?"

"रिवाज मोडणार नाही. दरबार आमच्या मागेच राहील. आणि आम्हाला मागे बघा म्हणून कोणी सांगायचे नाही."

"न्हाई सांगत," हौसा म्हणाली.

येसूने कपाळाला हात लावला. हौसा मात्र टोपलीत चार मासे टाकून सरळ वाड्याच्या मुदपाकखान्यात गेली आणि आऊसाहेबांना भेटून आली. आऊसाहेब म्हणजे महाराजांच्या मातोश्री. वय ऐंशी, दात चार, आणि आवाज असा की हत्तीखान्यातले हत्ती आपण होऊन गुडघे टेकत.

सकाळी महाराज डोहावर आले. दिवाणांनी मिशीला फडके बांधले होते. राजवैद्य डोक्यावर पितळी पातेले घालून आले होते. हौसाने महाराजांच्या पाठीमागे पावले मोजून एक खुर्ची मांडली. थोड्याच वेळात आऊसाहेब आल्या, खुर्चीत बसल्या आणि मांडीवर पानाचा डबा उघडला.

आऊसाहेबांच्या पुढे उभे राहण्याची छाती शेवरगडात कोणाची होती? सगळा दरबार मुकाट्याने मागे सरकला आणि खुर्चीच्याही पाठीमागे जाऊन उभा राहिला. रिवाज जसाच्या तसा राहिला, दरबार मात्र तीस हात लांब गेला.

महाराजांनी काठी उचलली.

"रणू," मागून आवाज आला, "मी इथं बसलेय हो."

महाराजांचा हात थबकला. त्यांनी मान वळवली. शेवरगडच्या गादीवरच्या पुरुषाने चार पिढ्यांत पहिल्यांदाच मागे बघितले! दोरी हळूच मागे गेली, ती आऊसाहेबांपर्यंत पोचत तर नाही ना हे महाराज डोळे फाडून बघत राहिले, तेवढ्यात ती छान ताठ झाली, आणि मग कुठे त्यांनी ती पुढे फेकली. आयुष्यात पहिल्यांदा गळ पाण्यात पडला.

दुपारपर्यंत महाराजांनी दोनशे वेळा गळ टाकला आणि दोनशे वेळा मागे बघितले. मान अवघडली, पण ओरखडा कोणालाही आला नाही. शेवटी वीतभर मासाही लागला. राजवैद्यांनी पातेले काढले आणि मासा त्यातच ठेवला.

"मुली, आणि आऊसाहेबांना गळ लागला असता तर?" महाराजांनी दबक्या आवाजात विचारले.

"लागला नसता. दोरीपरीस दोन हात लांबच खुर्ची मांडली व्हती."

"मग हे आधी का नाही सांगितलेस?"

"सांगितलं असतं, तर म्हाराजांनी मागं बघितलं असतं व्हय?"

दिवाण फडक्याआडून हसले. महाराज हट्टाला पेटले. "तरीही समज, लागलाच असता. जबाबदार कोण? गुरूच ना?"

"त्ये तुमी-मी ठरवायचं नव्हतंच, म्हाराज," हौसा म्हणाली. "आऊसाहेबांनी ठरवलं असतं. त्यांनी कान कुणाचा धरला असता, माझा का तुमचा?"

महाराजांचा हात आपोआप आपल्या कानाकडे गेला. मग ते असे खदाखदा हसले, की डोहावरचे बगळे उडाले. त्यांनी तिथल्या तिथे डोह येसूच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या लिहून दिला आणि हौसाला दरबारची गळगुरू नेमून शेला पांघरला.

आऊसाहेब पान संपवून उठल्या. "सोपं दिसतंय की. आण ती काठी इकडे."

"आऊसाहेब," महाराज घाईने म्हणाले, "फेकण्यापूर्वी जरा मागे—"

"या घराण्यात मागे बघत नाहीत, रणू!"

दरबार चिंचेच्या झाडामागे धावला. सर्वांत आधी महाराज पोचले होते, आणि राजवैद्यांचे पातेले त्यांच्याच डोक्यावर होते.