शिंपिणीचा टाका

एका जंगलात, घाणेरीच्या जाळीत, एक शिंपीण राहत असे. पानाला पान जोडून घरटं शिवणारी ती इवलीशी पाखरीण. तिचा टाका असा पक्का, की पडद्याआडची पिल्लं ना ससाण्याला दिसत, ना सापाला. आणि बाळांनो, ही बाई होती मुलखावेगळी. विद्या झाकून ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. खालच्या फांदीवर सगळ्यांसमोर बसून ती शिवायची. ज्याला हवं त्यानं पाहावं, शिकावं. बघता बघता सशाच्या बिळापासून सिंहाच्या गुहेपर्यंत घरोघरी पानांचे पडदे लागले. ते पाहून शिंपीण मनोमन सुखावायची.

एके दिवशी मुंगसानं लांडोरीची अंडी चोरली आणि अशाच एका पडद्याआड लपवली. मिशांना लागलेल्या बलकामुळे ते पकडलं गेलं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. कोतवाल लांडग्यानं शिंपिणीलाही सिंहापुढे उभं केलं. "महाराज, टाका हिचाच. कोण कोण शिकलं, त्यांची नावंसुद्धा हिला सांगता येत नाहीत. हिची चोच बांधा, नाहीतर प्रत्येक पडद्याला माझ्या डोळ्यापुरतं छिद्र ठेवायला लावा."

शिंपिणीला आपलं घरटं आठवलं. चोच बांधली तर घरट्यातल्या तीन पिल्लांना भरवायचं कसं, आणि छिद्र ठेवलं तर ती वाचायची कशी? तरी ती म्हणाली, "महाराज, मी अंडी चोरली नाहीत, चोराला पडदाही शिवून दिला नाही. छिद्र तेवढं मी ठेवणार नाही. कोतवालांची नजर जिथून आत जाईल, तिथून सापाचं तोंडही जाईल."

सिंहाला काही ते पटेना. "बघू तरी. पहिलं छिद्र माझ्याच गुहेच्या पडद्याला पाडा," तो म्हणाला. लांडग्यानं मोठ्या हौसेनं पाडलं. दुसऱ्या दिवशी सिंहीण पाण्यावरून परत येऊन बघते तो काय, एक तरस छिद्राला डोळा लावून आत निजलेले छावे न्याहाळतंय. तिच्या डरकाळीनं ते पळालं ते थेट डोंगरापलीकडे. सिंह खजील झाला. मुंगसाला त्यानं जंगलाबाहेर घालवलं आणि शिंपिणीला म्हणाला, "चुकलं माझं, बाई. तू शिवत राहा."

शिंपिणीनं आधी ते छिद्र शिवलं. सिंहीण शेजारी बसून टाका नीट पाहून घेत होती.

तात्पर्य : चोराला जरूर धरावं, पण सगळ्यांसाठी आडोसा शिवणाऱ्याला चोर ठरवू नये.