परीची रिकामी बशी

वसईकडच्या एका गावात, केळीच्या बागेच्या अगदी टोकाला, एक एवढंसं कौलारू घर होतं. दारात पिवळी पिवळी शेवंती, खिडकीशी तांबडी जास्वंद आणि कौलांवर चिमण्यांचा नुसता कलकलाट. त्या घरात जसिंता नावाची एक चिमुरडी राहायची. पण एवढं मोठं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? सगळे तिला जसू म्हणायचे. आपणही जसूच म्हणू.

नाताळ तोंडावर आला होता आणि जसूला रडू येत होतं. का ते सांगते. गावात घरोघरी कागदाचे तारे लागले होते, निळे, गुलाबी, सोनेरी, चमचम करणारे. घरोघरी कढया चढल्या होत्या. वेलची, नारळाचा रस आणि तळणीचा असा काही वास गल्लीतून फिरत होता की कुत्रीसुद्धा नाक वर करून चालायची! पण जसूच्या घरात चूल नुसती भात शिजवण्यापुरती पेटायची. तिचे बाबा बस्त्याव नारळाच्या झाडावरून पडले होते. तेव्हापासून ते लंगडत चालायचे, बागेत पाणी लावायचं हलकं काम तेवढं करायचे. मग घर चालायचं कसं? म्हणून जसूची आई इजाबेल समुद्रापलीकडे एका मोठ्या घरी स्वयंपाकाला गेली. ती गेल्यापासून हा तिसरा नाताळ.

आणि आई होती तेव्हा काय मजा असायची म्हणून सांगू! सगळं गणगोत जसूच्याच घरी जमायचं. काका, काकू, मावश्या, पोरंटोरं, सगळे चटईवर मांडी ठोकून कुलकुल वळायला बसायचे. कुलकुल म्हणजे गोड पिठाची चिमुकली गोळी. ती फणीवर दाबायची, अलगद गुंडाळायची, की झाला रेघारेघांचा शंख! मग तो तुपात तळायचा. आईची लाकडी फणी खास त्यासाठीच ठेवलेली. तिचा एक दात पडला होता, म्हणून प्रत्येक कुलकुलावर रेघांच्या मधोमध एक गुळगुळीत पट्टी उमटायची. काका चिडवायचे, "आले बघा इजाबेलचे बोळके कुलकुल!" आणि सगळे पोट धरून हसायचे.

पण पहिला घाणा घरात कुणी खायचा नाही, हं. आई तो ताटांत भरायची आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्याकडे धाडायची. ज्या घरी दुखवटा असेल, तिथेही धाडायची, कारण त्या घरी त्या वर्षी कढई चढत नाही. ताट जाई आणि परत येई, कधी केळी घेऊन, कधी दोन फुलं घेऊन. "रिकामं भांडं परत द्यायचं नसतं गं, बाय," आई म्हणायची, "चिमूटभर साखर का होईना, पण ठेवायची."

आता सगळे दुमिंगकाकांकडे जमत. जसूही आईची फणी घेऊन जायची, वळायची, हसायचीसुद्धा. पण काकांच्या घरी कितीही माणसं असली तरी तिला मेलं एकच माणूस दिसायचं नाही. मग ती एक कुलकुल हळूच फ्रॉकच्या खिशात टाकायची, आईसाठी. पहिल्या वर्षीचा मुंग्यांनी नेला. दुसऱ्या वर्षीचा मऊ पडला. यंदाचा तिने घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला होता आणि डबी फळीवर. आई आली की पहिल्यांदा तोच द्यायचा!

तर एका दुपारी जसू विहिरीजवळ गजऱ्यासाठी कागड्याच्या कळ्या खुडत होती. इतक्यात तिला बारीक आवाज आला, "अगं आई गं! काय हा चिकटपणा!"

बघते तर काय? केळीच्या पानावर करंगळीएवढी परी! मोतिया रंगाचा झगा, केसांत दवाचे मणी, पंख इंद्रधनुष्यासारखे. पण एक पंख केळीच्या चिकाने पानाला घट्ट चिकटलेला.

"हलू नका हं, फाटेल!" जसू म्हणाली. तिने वेणीवरून बोट फिरवलं, बोटाला खोबरेल लागलं, आणि ते तेल ती पंखावर हळूहळू चोळत राहिली. चीक सुटला. परी फुर्रकन उडाली, एक गिरकी घेतली आणि जसूच्या मनगटावर येऊन बसली.

"किती गोड आहेस गं तू! थांब." परीने झग्यातून चांदीची एक बशी काढली. केवढी? शिंपल्याएवढी! तिच्यात तीन थेंब लुकलुकत होते, एक निळा, एक गुलाबी, एक सोनेरी. "या तुझ्या तीन इच्छा. मोठ्याने मागायच्या. आज सूर्य बुडायच्या आत मागायच्या. आणि मग बशी मला इथेच आणून द्यायची."

जसूने थेंबांकडे नीट पाहिलंही नाही. "मला बाकी काही नको, परीबाई. मला माझी आई आणून द्या!"

परीचा चेहरा उतरला. "तेवढं मला जमत नाही गं, बाळ. माणूस इच्छेने ओढून आणता येत नाही. माणूस आपल्या पायांनीच येतो. तसा नियमच आहे."

मेला नियम! जसूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी ती "बरं" म्हणाली, बशी ओंजळीत धरून घरी आली आणि रिकाम्या चुलीपुढे बसली. आई नाही तर नाही, निदान आईचं काहीतरी! ती म्हणाली, "आमच्या घराला आईच्या स्वयंपाकाचा वास येऊ दे."

निळा थेंब विरला आणि काय सांगू! वेलची, गूळ, कढलेलं तूप, आईच्या ओल्या पदराचा वाससुद्धा. जसूने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बागेतून धप्‌ धप्‌ आवाज आला. बाबा लंगडत लंगडत धावत येत होते. चेहरा असा उजळलेला की जसूने तसा कधी पाहिलाच नव्हता.

"इजा! आलीस? अगं, कधी आलीस?"

ते दारात थांबले. चूल विझलेली. जसू एकटी. बाबांनी डोक्याचा पंचा काढला आणि उगाच तोंड पुसत राहिले.

"मला वाटलं..." ते म्हणाले, "जाऊ दे. वास आला आपला."

जसूला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं! ती बाबांच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "मलापण वाटलं, बाबा." मग दोघं तशीच उभी राहिली, आणि तो गोड गोड वास दोघांनाही सोसवेना.

पण रडून कुठे दिवस संपतो? जसूने नाक पुसलं आणि विचार केला, वास आलाय तर घाणाही होऊ दे! "आमच्या घरी मैदा, गूळ, नारळ, तूप, सगळं येऊ दे. पुष्कळ येऊ दे!" गुलाबी थेंब विरला. डबे भरून वाहिले, तुपाची बरणी घळघळली, नारळ गडगडत अंगणापर्यंत गेले.

"हे गं कुठून आलं?" बाबांनी विचारलं.

"परीने दिलं."

"बरं, बरं," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं दुमिंगकाकांनी धाडलं असेल. मोठी माणसं अशीच असतात, खरं सांगितलं तर पटतच नाही त्यांना.

आता वळायला माणसं नकोत? दुमिंगकाकांचे कुलकुल तर कधीच डब्यांत बंद झाले होते. जसूला आठवलं, गावात अजून एक-दोन घरं आहेत जिथे कुणी जमलंच नाही. ती आधी इनासआजोबांकडे धावली. पावसाळ्यात त्यांची मार्थाआजी गेली होती. दारात तारा नाही, बाळ येशूची गव्हाणी नाही, आजोबा ओटीवर नुसते बसलेले.

"आजोबा, कुलकुल वळायला चला!"

"यंदा आमच्याकडे दुखवटा, बाय. कढई चढवायची नाही."

"तुमच्याकडे कुठे? कढई आमच्याकडे चढलीय! चला, चला, उठा बघू!"

तिथून ती वीटभट्टीवर गेली. झोपडीतली सोनकीमावशी आधी लाजली, पण तिची दोन पोरं केव्हाच पळत सुटली होती. घटकाभरात जसूच्या घरात चटई अंथरली, परात आली, आणि ओस पडलेल्या त्या घरात असा गलका झाला म्हणून सांगू! सोनकीमावशी पीठ मळत होती, बाबा तळत होते, पोरं कच्च्या पिठाचे लाडू तोंडात कोंबून ओरडा खात होती.

फक्त इनासआजोबांना काही जमेना. त्यांचे हात इतके थरथरत की गोळी फणीवर टिकेचना. "हे सगळं मार्थाच करायची," ते हळूच म्हणाले. "मी नुसता खायचो."

एकच थेंब उरला होता, सोनेरी. खरं सांगू? जसूला चकाकता नवा फ्रॉक हवा होता, चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला घालायला. तिने थेंबाकडे पाहिलं, आजोबांच्या हातांकडे पाहिलं, आणि पटकन म्हणून टाकलं, "आजोबांचे हात स्थिर होऊ देत!" पटकन म्हटलं ते बरं झालं, नाहीतर फ्रॉकचा मोह सुटला नसता.

आजोबांनी गोळी घेतली, फणीवर दाबली, अलगद गुंडाळली. झाला शंख! ते त्याच्याकडे बघतच राहिले. "मार्थे, बघ गं," म्हणाले, आणि हसता हसता रडले.

पहिला घाणा ताटांत भरला. एक ताट आजोबांना, एक सोनकीला, बाकीची भट्टीवरच्या घराघरांत. दुसराही गेला. तिसरा पोरांनी फस्त केला. देता देता डबे कधी रिकामे झाले जसूला कळलंही नाही.

आणि सूर्य बुडायला आला! "अगं बाई, बशी!" जसूने चांदीची बशी उचलली. बशी रिकामी. रिकामी बशी परत कशी द्यायची? तिने मैद्याचा डबा पाहिला, चिमूटभर नाही. साखर नाही, गूळ नाही. खुडलेला कागडा तर केव्हाच कोमेजून काळवंडला होता, आणि दारातली शेवंती-जास्वंद ताटांवर ठेवून गेली होती. घरात उरलं होतं एकच, फळीवरची डबी.

जसू डबी उघडून किती तरी वेळ उभी होती. तिला तो कुलकुल द्यायचा नव्हता, मुळीच द्यायचा नव्हता! पण आईचेच शब्द ना? तिने कुलकुल बशीत ठेवला, आणि विहिरीपर्यंत न थांबता पळाली.

परी काठावर पाय हलवत बसली होती. बशी पाहिली आणि ती उभीच राहिली. "हे काय?"

"कुलकुल."

"पण मला का? आजवर इतक्या मुलांना बशी दिली, सगळ्यांनी ती रिकामी परत केली. हा कुणासाठी ठेवला होतास?"

"आईसाठी," जसू म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "पण आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत."

परीने गुळगुळीत पट्टीवरून बोट फिरवलं. "मग आता बशी माझ्याकडे आली. आता मी काय करायचं?"

"आता तुमची पाळी," जसू डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही हे ठेवून घ्यायचं आणि त्यात काहीतरी घालून परत पाठवायचं. एवढंही माहीत नाही तुम्हाला?"

परी खुदकन हसली. "खरंच गं, इच्छेला नियम असतात. देण्याघेण्याला कुठे असतात?" असं म्हणून तिने तो कुलकुल बशीसकट उचलला, तिच्या डोक्यापेक्षा मोठा! आणि धापा टाकत, भेलकांडत, ती समुद्राकडे उडत गेली.

दिवस गेले. बशी काही आली नाही. जसू रोज उंबऱ्यावर बघायची. विसरली असेल, दुसरं काय!

नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इनासआजोबांनी स्वतःच्या हातांनी कागदाचा तारा केला आणि जसूच्या दारात टांगला. जसू खाली उभी राहून तो बघत होती. तेवढ्यात बागेतल्या वाटेवर कुणीतरी आलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काहीतरी चमकणारं. चालण्याची ती ढब!

"आई!"

ती धावली, पडली, उठली, परत धावली. आईने तिला उचललं आणि घट्ट घट्ट धरलं. बाबा लंगडत आले आणि मध्येच उभे राहिले. त्यांना वाटलं, या खेपेलाही नुसता वासच असेल.

"अहो, बघता काय! मीच आहे," आई म्हणाली. "एका संध्याकाळी चहा ओतत होते, तर खिडकीत ही बशी, आणि बशीत कुलकुल. बोळका कुलकुल! आपल्या फणीचा! तो खाल्ला आणि मला तिथे एक क्षण राहवेना. मालकीणबाई दर वर्षी 'पुढच्या वर्षी जा' म्हणायच्या. या खेपेला मी विचारलंच नाही, सांगितलं. सगळं गाठोडं बांधून आले. आता परत जायचं नाही."

जसूने चांदीची बशी हातात घेतली. आत वाकून पाहिलं. "आई, पण ही तर रिकामी! तूच म्हणतेस ना, रिकामं भांडं परत द्यायचं नाही?"

"काय करू गं, बाय," आई तिच्या केसांत तोंड लपवून म्हणाली, "एवढ्या वाटेत बशीत घालण्यासारखं काही सापडलंच नाही. म्हणून मग मीच आले."

दारातला तारा एकाएकी लखलखला, निळा, गुलाबी, सोनेरी. कागदाच्या आत कुणीतरी करंगळीएवढं बसून टाळ्या वाजवत होतं. मग तो सगळा उजेड एकवटून वर गेला, केळीच्या शेंड्यांवरून, चर्चच्या मनोऱ्यावरून, आणि आभाळात दिसेनासा झाला. खाली जसूच्या घरात बाबांनी चूल पेटवली.