तांबड्याचा शेवट

“...तेवढंच सांगा सर. तांबड्याचा शेवट तिथेच आहे की नाही?”

उजगरे सर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कॅसेट डेकचं हेड पुसत होते. बोळा काळा झाला की बाजूला ठेवायचे, दुसरा घ्यायचे.

“सर?”

“ऐकतोय रे.”

विचारणारा हृषीकेश कुलथे. आमच्या नगरमध्ये ‘टिन हार्बर’ या बँडबद्दल कुणाला काही शंका आली तर ती हृषीकेशकडे जाते. कुणाला शंका नसली तर हृषीकेश ती काढून देतो, आणि मग तिचं निरसन करतो.

आणि उजगरे सर म्हणजे आमचे सर. ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि बाकीचे दिवस त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान असायचं. मिशनच्या शाळेत शिकवायला आलेल्या एका परदेशी बाईंनी मायदेशी परतताना आपल्या सगळ्या रेकॉर्डी त्यांना देऊन टाकल्या होत्या. त्यांवरून सरांनी अख्ख्या गावाला रॉक शिकवलं. दुकान कधीच बंद झालं. पण रविवारी प्रार्थना आटोपून सर घरी आले की आम्ही चारपाच जण अजून त्यांच्या व्हरांड्यात जमतो. आमचे केस गेले, बँड काही गेला नाही.

सरांनी भरलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं. पाठीवर ते स्केचपेननं एक जाड रेघ ओढायचे, म्हणजे ओळखायला बरं. म्हणून आमच्याकडे टिन हार्बरच्या अल्बमांना नावं नाहीत, रंग आहेत. पहिला निळा. मग हिरवा, मग तांबडा. अगदी शेवटचा, म्हातारपणीचा, जांभळा. इंग्रजी नावं आम्हाला फार उशिरा कळली, आणि कळूनही जिभेवर बसली नाहीत. बाहेरगावचा एखादा चाहता आला आणि ‘तांबडा भारी की हिरवा’ हा वाद त्यानं ऐकला, तर आम्ही रश्श्याबद्दल बोलतोय असंच त्याला वाटतं.

“सर, मी काही उगाच विचारत नाहीये,” हृषीकेश म्हणाला.

“मग कशासाठी विचारतोयस?”

“आपल्या टिन हार्बरच्या ग्रुपवर टाकायला. तुम्ही एकदा सांगितलंत की विषय संपला.”

विषय तसा साधा होता. तांबड्याच्या शेवटच्या गाण्यात एक माणूस बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी दाराशी येतो. बराच वेळ बाहेर उभा राहतो. मग हाक मारायला तोंड उघडतो, आणि अर्ध्या शब्दात...

अर्ध्या शब्दातच गाणं थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही. काही नाही.

या थांबण्यावर आमची पिढी वेडी झाली होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमची पोरं हे गाणं वाजवायची आणि बरोब्बर त्या अर्ध्या शब्दावर हात काढून घ्यायची. सगळा हॉल गप्प व्हायचा आणि मग शिट्ट्यांचा कहर. हृषीकेश तर म्हणतो की या एका जागेमुळे तांबडा सगळ्या अल्बमांच्या वर. निळ्यात नुसता जोर आहे, हिरव्यात नुसती करामत आहे, जांभळ्यात साखर आहे. तांबड्यात धाडस आहे. हाक मारलीच जात नाही, यातच सगळं आलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर त्यानं भलामोठा लेख लिहिला आणि ग्रुपवर टाकला.

सगळ्यांनी अंगठे दिले, टाळ्या दिल्या. बशीरनं मात्र खाली लिहिलं, “पुढे अजून आहे रे. सगळे मिळून गातात. ऐकून बघ.” आणि एक लिंक जोडली.

हृषीकेशनं ती उघडली नाही. ‘कंपनीनं धंद्यासाठी मागाहून जोडलेलं शेपूट’ असं लिहून मोकळा झाला. बशीरनं पुन्हा लिहिलं, “ऐकून तर बघ.” त्यावर हृषीकेशनं त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

बशीर तांबोळीला! ज्यानं शाळेत असताना हृषीकेशला हाताला धरून सरांच्या दुकानात आणलं त्याला. तांबड्याची कॅसेटसुद्धा दोघांनी मिळून भरून घेतली होती. एक आठवडा ह्याच्या घरी, एक आठवडा त्याच्या.

तेव्हापासून बशीर रविवारी येईनासा झाला. त्याची खुर्ची व्हरांड्यात तशीच असते. तिच्यावर कुणी बसत नाही, आणि बशीरबद्दल कुणी बोलतही नाही. मला हे फार लागलं होतं. पण आम्हा बाकीच्यांत हृषीकेशला दोन शब्द सुनावण्याची छाती कुणाची नव्हती.

सरांनी शेवटचा बोळा बाजूला ठेवला.

“कॅसेट आणलीयेस?”

हृषीकेशनं खिशातून काढली. पाठीवरची तांबडी रेघ विटून गुलाबी झाली होती. रेघेखाली दोन नावं होती, शाळकरी अक्षरात. एक हृषीकेशचं, एक बशीरचं.

सरांनी ती नावं वाचली. कॅसेट डेकमध्ये घातली, शेवटाकडे पळवली आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. माणूस दाराशी आला. बाहेर उभा राहिला. हृषीकेशनं डोळे मिटले. खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनीच मिटले.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि...

खट्.

व्हरांड्यात कुणी हललं नाही. रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं, तिच्या चाकाची कुरकुर तेवढी ऐकू आली.

“शेवटी काय ऐकलंस?” सरांनी विचारलं.

“शांतता,” हृषीकेश डोळे न उघडता म्हणाला.

“त्याच्या आधी?”

“तो अर्धा शब्द.”

“त्या दोघांच्या मध्ये?”

हृषीकेशनं डोळे उघडले.

“मध्ये... काही नाही.”

सरांनी कॅसेट थोडी मागे घेतली. पुन्हा वाजवली. पुन्हा अर्धा शब्द आणि पुन्हा...

खट्.

“बटण उडालं,” हृषीकेश म्हणाला.

“हं. ते कुणी वाजवलं?”

“ते काय, मशीननं.”

“बँडनं नाही?”

हृषीकेश डेककडे बघत राहिला. झाकणाच्या काचेतून दिसत होतं, डाव्या चक्रीवर टेपचा एक वेढाही उरला नव्हता.

मला आमचं गॅदरिंग आठवलं. तो गप्प झालेला हॉल, त्या शिट्ट्या. मला एकदम हसू आलं. मी ते गिळलं.

“सर...” हृषीकेशचा आवाज खाली आला. “टेप संपली होती?”

“टेप तर संपलीच होती. कॅसेट छोटी, रेकॉर्डची ती बाजू मोठी.”

“आणि गाणं?”

“गाण्याचं मला काय माहीत?”

“असं काय करता सर? रेकॉर्ड तुमची होती!”

“होती ना. अजून आहे.”

“मग?”

“बटण उडालं की मी सुई उचलायचो.”

“दरवेळी?”

“दरवेळी. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. शिवाय सुई झिजते.”

“पण कधीतरी... घरी, तुमच्यासाठी म्हणून?”

“दिवसभर तेच कानावर पडल्यावर घरी कोण लावतंय? घरी मी झोपायचो.”

हृषीकेशनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे पाहिलं.

“म्हणजे तुम्हीसुद्धा...”

“मीसुद्धा.”

सर शांतपणे वापरलेले बोळे एका कागदात गोळा करत होते. हृषीकेशचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. लेख त्याच्या नावावर होता, ग्रुप त्याचा होता, आणि साक्ष द्यायला आणलेला साक्षीदार असा निघाला.

पण हृषीकेश तो हृषीकेशच.

“ठीक आहे,” तो ताठ होत म्हणाला. “रेकॉर्ड लावू. आत्ता. खरं काय ते होऊन जाऊ दे.”

“लाव.”

सर आत गेले आणि रेकॉर्ड घेऊन आले. जाडजूड कव्हर, कोपरे कुरतडलेले. आम्ही इतकी वर्षं ज्याला तांबडा म्हणतोय त्या अल्बमचं कव्हर करड्या रंगाचं आहे. त्यावर एका बंद दाराचं चित्र आहे.

हृषीकेशनं ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

“प्लेयर कुठाय सर?”

“बशीरकडे.”

“...बशीरकडे?”

“बेल्ट सैल झाला होता. त्याला म्हटलं, बघ बाबा, तू पंपांच्या मोटारी गुंडाळतोस, हे तुला काय अवघड. रविवारी येताना आणतो म्हणाला होता.”

“मग?”

“रविवारी यायचाच बंद झाला.”

“फोनवर ऐकू या की,” आमच्यातला एक जण हळूच म्हणाला.

“फोनवर नको,” हृषीकेश म्हणाला. पण त्या ‘नको’त आता पूर्वीचा जोर नव्हता. डेकमधून कॅसेट काढून तो ती परत खिशात ठेवायला गेला आणि मध्येच थांबला. रेघेखालच्या नावांवरून त्यानं अंगठा फिरवला.

“सर, मी त्याला काढून टाकलं.”

“माहीत आहे.”

“सगळ्यांच्या देखत.”

“हं.”

“तो फक्त ‘ऐकून बघ’ म्हणाला होता. दोनदा म्हणाला. आता कुठल्या तोंडानं जाऊ? मी बरोबर निघालो तर तो दुखावणार, आणि तो बरोबर निघाला तर... तर मी त्याच्यासमोर उभा कसा राहू?”

सरांनी हे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं सांगतील. आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

सर खाली वाकून व्हरांड्याच्या पायरीजवळच्या आपल्या चपला शोधू लागले. एक सापडली. दुसरी खुर्चीखाली गेली होती, बशीरच्या. ती त्यांनी पायानं ओढून घेतली.

“सर, तुम्ही कुठे निघालात?”

सरांनी त्याच्या हातातली रेकॉर्ड घेतली, काखेत धरली आणि फाटकाची कडी काढली.

हृषीकेश क्षणभर उभा राहिला. मग मुकाट्यानं त्यांच्या मागोमाग गेला. मीही निघालो. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

बशीरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि घर एकाच जागी आहे, पुढे दुकान, मागे घर. वाटेत हृषीकेश दोनदा सरांना काहीतरी विचारायला गेला. दोन्ही वेळा त्यानं तोंड उघडून मिटलं. सर आपल्या चालीनं चालत राहिले. ऊन चांगलंच चढलं होतं, म्हणून त्यांनी रेकॉर्ड काखेतून काढून सदऱ्याच्या आत धरली.

रविवार असल्यामुळे दुकानाचं शटर खाली होतं. आम्ही बाजूच्या बोळातून घराच्या दाराशी आलो. दार बंद होतं. आत कुणीतरी वावरत होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

सर बाजूला सरले आणि हृषीकेशला पुढे होऊ दिलं.

हृषीकेश दारासमोर उभा राहिला. हात वर केला. कडी वाजवली नाही. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि...

मार की रे हाक, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

“ब...” एवढंच निघालं.

कसं कोण जाणे, आतल्या माणसाला तेवढंच पुरलं. कडी निघाली आणि दार उघडलं. बशीर होता. लुंगी, बनियन, हाताला तांब्याच्या तारेचं वॉर्निश लागलेलं. त्यानं हृषीकेशकडे पाहिलं. हृषीकेशनं खाली पाहिलं. त्याच्या हातात कॅसेट होती, नावांची बाजू वर. ती बशीरनं पाहिली असावी, कारण तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला.

त्याच्या मागे टेबलावर सरांचा प्लेयर होता, स्वच्छ पुसलेला, वर फडकं अंथरलेलं.

मग उजगरे सर पुढे झाले. आत जायच्या आधी त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, सदऱ्यातून रेकॉर्ड काढली आणि दोन्ही हातांनी, एखादा विद्यार्थी वही तपासायला देतो तशी, बशीरपुढे धरली.

“बशीर,” सर म्हणाले, “आम्हा दोघांचं शेवटचं थोडं ऐकायचं राहिलंय.”