सशाच्या शंभर बैठका

एका जंगलात एक वानर राहत असे, आणि त्याचा दिवस इतरांची न्याहारी पचून गेल्यावर सुरू होत असे. गावाकडच्या एका तालमीच्या कौलांवर त्याने कधीकाळी महिनाभर मुक्काम केला होता. तेवढ्या भांडवलावर तो जंगलात परतला आणि सर्वांचा वस्ताद झाला. स्वतः त्याने एकही बैठक कधी मारली नाही. पण आवाज खणखणीत होता, आणि मुलांनो, मोठ्याने ओरडणाऱ्याला सगळे येते असे पुष्कळांना उगीचच वाटते.

त्या वर्षी ऊन असे तापले की माळावर पाय ठेवला की पोळत असे. धावण्याच्या शर्यती बंद पडल्या. तेव्हा वानराने ओढ्याकाठच्या उंबरावरून नवा नियम सांगितला. "आता प्रत्येकाने आपापल्या बिळातच व्यायाम करायचा. रोज शंभर बैठका! आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे मला इथे ऐकू येतील. बिळाचे तोंड दगडाने बंद करायचे, वारा लागला की घाम वाया जातो. आणि शंभर होईपर्यंत पाण्याला तोंड लावायचे नाही. मध्येच पाणी पितो तो कच्चा!" वेळ कोणती, तर भर दुपारची. कारण काय, तर वस्तादांना त्याआधी जाग येत नव्हती! हे कारण सर्वांना ठाऊक होते आणि एकानेही तोंड उघडले नाही, याचा मला आजही संताप येतो.

त्याच जंगलात एक ससा होता. मागच्या हिवाळ्यात कोल्ह्याच्या तावडीतून तो थोडक्यात वाचला होता, शेपटीचे केस तेवढे गेले. तेव्हापासून त्याने ठरवले होते की पाय मजबूत करायचेच. यात त्याचे काय चुकले? काहीच नाही. तो बिचारा इमानाने दगड लावून घेई, अंधाऱ्या, कोंदट बिळात बैठका मारी आणि आकडे ओरडे. शेजारच्या बिळातून घूस ओरडे, पलीकडून साळिंदर ओरडे. कोणाचा आवाज थांबला की वानर फांदीवरून त्याचे नाव घेऊन "आळशी! आळशी!" असा गजर करी आणि बाकीचे आपापल्या बिळातून खिदळत. या खिदळण्याच्या धाकाने कोणी थांबत नसे.

चौथ्या दिवशी सशाचे डोके सकाळपासूनच जड होते. घूस त्याला म्हणाली, "अरे, आज राहू दे की. तुझे डोळे बघ कसे लाल झालेत."

"नको गं," ससा म्हणाला. "एक दिवस खाडा केला की सगळी कमाई जाते, असे वस्ताद म्हणतात. शिवाय सगळे हसतील."

दुपार झाली. दगड लागले. ओढ्यात फक्त एक म्हैस डुंबत होती. तिला वानराने पहिल्याच दिवशी आळशी ठरवून टाकले होते आणि तिने ते कानाआड केले होते. बिळांतून आकडे येऊ लागले. चाळीस झाले, पन्नास झाले. मग सशाचा आवाज आला, "सत्तावन्न... अठ्ठावन्न... अठ्ठेचाळीस... अठ्ठावन्न... अठरा..."

सगळीकडून हसू फुटले. "सशाला आकडे येईनात!" साळिंदर ओरडले. वानराने तर फांदीवर लोळण घेतली. "चुकला! चुकला! पुन्हा एकपासून सुरू कर!" आणि तो वेडा ससा, खरोखर पुन्हा "एक" म्हणाला.

घूस मात्र हसली नाही. सशाला हजारापर्यंत आकडे येतात हे तिला माहीत होते. तिने बैठक अर्धवट सोडली आणि भिंतीला कान लावला. पलीकडे "दोन" आलेच नाही.

"घूस थांबली! घूस आळशी!" वरून गजर झाला.

"तुमच्या गजराला आग लागो!" घूस ओरडली आणि मधली मातीची भिंत दोन्ही पंजांनी उकरू लागली. भगदाड पडले तशी आतून भट्टीसारखी वाफ आली. ससा आडवा पडला होता. अंग तापलेले, जीभ बाहेर, हाक मारली तरी ओ नाही. तिने बिळाच्या तोंडाशी लावलेला दगड ढकलून दिला, सशाला मानेच्या कातडीला धरून ओढत बाहेर काढले आणि बोंब ठोकली, "धावा कोणी तरी! हा जातोय!"

साळिंदराचे हसू जागच्या जागी विरले. ते बाहेर आले, पण काय करावे ते त्याला सुचेना. आली ती म्हैस. ओढ्यातून निथळत चढ चढून आली आणि सशावर अशी उभी राहिली की त्याच्यावर तिची सावली पडावी. तिच्या पोटावरचे गार पाणी त्याच्या अंगावर टपटपू लागले. मग ती मोठमोठ्या कानांनी त्याला वारा घालू लागली. साळिंदर पाण्यात बुडवलेली पाने आणू लागले आणि घूस ती सशाच्या मानेवर, काखेत, पोटावर ठेवू लागली.

साळिंदर म्हणाले, "त्याच्या तोंडात पाणी ओतू का?"

"अजिबात नको," म्हैस म्हणाली. "शुद्धीत नाही तो, घशात अडकेल. आधी अंग गार होऊ दे, डोळे उघडू देत."

कितीतरी वेळ काहीच झाले नाही. घूस पाने बदलत राहिली आणि रडत राहिली. शेवटी सशाचा एक कान हलला. मग डोळे उघडले. तो नीट बोलू लागल्यावरच म्हशीने त्याला घोट घोट पाणी पिऊ दिले.

तेवढ्यात उंबरावरून विचारणा झाली, "अरे, पुढचे आकडे का येत नाहीत? सशाचे किती राहिले?"

ऐकलेत ना मुलांनो? 'कसा आहेस' नाही, 'जगलास का' नाही. 'किती राहिले!' म्हशीने रागाने शिंगे उगारली. पण तिच्याआधी ससाच बोलला, अगदी क्षीण आवाजात. "वस्ताद, सगळेच राहिलेत. या ना खाली. माझे बीळ मोकळे आहे. तुम्ही आत जा, दगड मी लावतो आणि बाहेर सावलीत बसून मोजतो."

वानराने खाली तापलेल्या जमिनीकडे पाहिले. मग बिळाच्या काळ्या तोंडाकडे पाहिले. एक पाय खालच्या फांदीवर ठेवला आणि परत वर घेतला. "माझी... माझी आज तब्येत बरी नाही," तो पुटपुटला.

"मग त्याची कुठे बरी होती?" घूस कडाडली. वानर पानांआड सरकला. साळिंदर मान खाली घालून सशाजवळ आले आणि म्हणाले, "मी हसलो रे. मला माफ कर."

ससा आठ दिवस नुसता पडून राहिला. नंतर त्याने पुन्हा बैठका सुरू केल्या, कारण कोल्हा अजून जंगलात होताच. आता तो उजाडताच उठतो, बिळाचे तोंड आणि घुशीने पाडलेले भगदाड, दोन्ही उघडी ठेवतो, पाण्याची करवंटी जवळ ठेवतो आणि दमला की सरळ बसतो. कधी दहा बैठका होतात, कधी तीस. आणि कोणाच्या बिळातला आवाज अडखळला, तर शेजारचे आपला व्यायाम टाकून बघायला धावतात.

तात्पर्य : उन्हाळ्यात घरी व्यायाम जरूर करावा, पण गारव्याच्या वेळी, वारा खेळता ठेवून आणि पाणी पीत, अंग 'थांब' म्हणाले की थांबावे, आणि थांबणाऱ्याला जो हसतो त्याची लाज थांबणाऱ्याने का बाळगावी?